प्रवासाचा परवाना : किनाऱ्यावरून दिसलेला इतिहास



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय निवडला आहे, तो ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानात संतवाङ्मय घ्यावे, शिवकाल घ्यावा, अशी रीत आहे. कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्या माणसाने पासपोर्टाचा इतिहास काढून बसावे हे जरा चमत्कारिकच. पण त्याला कारण आहे. या टापूतून आज दोन प्रकारची माणसे परदेशी जातात. काही जण मे महिन्याच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन दुबई, सिंगापूर पाहून येतात. दुसरे काही जण गवंडीकामासाठी, वेल्डिंगसाठी, हॉटेलातल्या स्वयंपाकासाठी त्याच दुबईला जातात. दोघांच्या हाती निळ्या पुठ्ठ्याचे, अशोकस्तंभाची मुद्रा असलेले एकच पुस्तक असते. तथापि विमानतळावरच्या खिडकीशी दोघांना विचारले जाणारे प्रश्न एक नसतात. एकाला ‘परत कधी येणार’ एवढे विचारून वाट देतात, दुसऱ्याला मात्र ‘कोणाच्या मंजुरीने जातोस’ असे विचारतात. हा भेद केव्हा आणि कसा पडला, हे समजून घ्यावयाचे तर आपल्याच किनाऱ्यावरून मागे पाहिले पाहिजे.

प्रवासाला कागद लागतो ही कल्पना साहेबाने आणली, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. आपल्या समुद्रात हा कागद पाचशे वर्षांपूर्वी आला आणि तो पोर्तुगीजांनी आणला. वास्को द गामाच्या पाठोपाठ आलेल्या पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच असे जाहीर केले की, अरबी समुद्रात जे गलबत फिरेल त्याने आमचा परवाना घेतला पाहिजे. त्या परवान्याचे नाव कार्ताझ. त्यात गलबताचे नाव, नाखव्याचे नाव, माल, शस्त्रे, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर अशी सारी नोंद असे. मिरी वगैरे माल पोर्तुगिजांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. तो गलबतात सापडला, अथवा कार्ताझच नसला, की गलबत मालासकट जप्त होई. कार्ताझाची फी किरकोळच होती. खरी मेख अशी की, कार्ताझ घेणाऱ्या गलबताने पोर्तुगिजांच्या बंदरात येऊन जकात भरलीच पाहिजे, अशी त्यात अट असे. तेव्हा प्रवाशाची ओळख पटविण्याशी या कागदाचा संबंध नव्हता. जकात चुकू नये यासाठी तो निघाला होता.

दिल्लीच्या बादशहालाही यातून सुटका नव्हती. अकबराच्या काळचा इतिहासकार बदाऊनी याने एक मजेदार नोंद केली आहे. हजला जाणे सक्तीचे नाही, असे काही धर्मपंडित तेव्हा सांगू लागले होते. कारण समुद्रमार्गे जावे तर फिरंग्यांचा परवाना घ्यावा लागतो, त्या परवान्यावर मेरी व येशू यांची चित्रे असतात, आणि तो बाळगणे म्हणजे मूर्तिपूजेला मान देणे होय! एवढ्या मोठ्या साम्राज्याचे यात्रेकरू समुद्रावर एका परकीय कागदाचे ताबेदार झाले होते.

शिवाजीमहाराजांनी 1664 साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा. समुद्रावर फिरण्याचा परवाना कोणी द्यावयाचा, या प्रश्नाचे ते दगडी उत्तर होते. पुढे कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तके देण्यास सुरुवात केली आणि ज्यापाशी दस्तक नाही ते गलबत ते धरू लागले. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरविले. पोर्तुगिजांनी परवाना मागितला तर तो राज्यकारभार, आणि तोच आंग्र्यांनी मागितला तर ती चाचेगिरी, असा हा न्याय होता. पण आपल्या माणसांचा अभिमान बाळगतानाही एक गोष्ट विसरता कामा नये. परवाना फिरंग्यांचा असो की आंग्र्यांचा, वल्हे मारणाऱ्या खलाशाच्या नावे तो कधीच नव्हता. तो गलबताचा व मालाचा असे. खलाशी त्या मालाबरोबर जाई आणि गलबत धरले गेले तर मालाबरोबर धरलाही जाई.

मग माणसाच्या नावाचा, माणसाच्या चेहऱ्याचा कागद आधी कोणाला मिळाला? राजेरजवाड्यांना, वकिलांना, व्यापाऱ्यांना शिफारसपत्रे व राहदारीचे परवाने जुन्या काळापासून मिळत. पण ज्यावर छायाचित्र चिकटवले आहे आणि जो सदैव खिशात बाळगलाच पाहिजे, असा कागद ज्यांच्या माथी प्रथम मारला गेला, त्यांत मॉरिशसमधले हिंदी मजूर होते. आणि त्या मजुरांत आपल्या कोकणातले मराठी लोकही होते.

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी करारबंद मजुरांची भरती 1834 साली सुरू झाली. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख हिंदी माणसे त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार व मद्रासकडची होती, पण मुंबई बंदरातून रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतले लोकही गेले. मराठी बोलणारा त्यांचा वंशविस्तार तेथे आजही गणेशोत्सव साजरा करतो. करार संपलेल्या मजुराने मळा सोडून मोकळे फिरू नये अशी मळेवाल्यांची इच्छा होती. म्हणून 1867 साली असा कायदा झाला की, करार संपलेल्या प्रत्येक ‘जुन्या मजुरा’ने आपल्या छायाचित्राचा पास जवळ बाळगावा. पोलिसाने विचारले आणि पास नसला, की भटक्या म्हणून अटक. साहेबाच्या पासपोर्टावर छायाचित्र सक्तीचे झाले ते पहिल्या महायुद्धाच्या वेळी, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी. सहलीला जाणाऱ्या सद्‌गृहस्थाचा फोटो मागण्यापूर्वी अर्धे शतक मजुराचा फोटो मागितला गेला होता. पुष्कळ ठिकाणी इतिहास असाच चालतो. पहाऱ्याची नवी रीत आधी मजुरावर अजमावून पाहिली जाते, आणि हक्क मात्र त्याच्यापर्यंत सर्वांच्या शेवटी पोहोचतो. आजच्या व्याख्यानात आम्हाला सांगावयाचे आहे ते मुख्यतः एवढेच.

हे जुने मजूर मुकाट बसले नाहीत. 1871 साली अदोल्फ द प्लेवित्झ नावाच्या एका युरोपीय मळेवाल्याच्या साहाय्याने त्यांनी गव्हर्नराकडे अर्ज केला. त्या अर्जाखाली 9,401 मजुरांची नावे होती. अक्षरओळख नसलेल्या, सभा भरविण्याचीही मुभा नसलेल्या लोकांनी एवढ्या सह्या-अंगठे गोळा करणे म्हणजे काय, हे ज्याने कधी युनियनची पावतीपुस्तके घेऊन चाळीतून फिरून पाहिले असेल त्यालाच कळेल. त्या अर्जामुळे राणी सरकारला 1872 साली चौकशी आयोग नेमावा लागला, 1875 साली त्याचा अहवाल आला आणि पासाच्या जाचाचे पुष्कळ प्रकार उघड झाले.

पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बऱ्याच देशांत पासपोर्टावाचून जाता येत असे. युद्धात हेरांच्या भीतीने प्रत्येक देशाने दारे लावून घेतली. युद्ध संपल्यावर ती उघडतील असे लोकांना वाटत होते, पण दारावर बसलेला पहारेकरी उठला नाही. 1920 च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरविली आणि पासपोर्टाचा एक सर्वसामान्य नमुना ठरविला. बत्तीस पानांचे पुस्तक हा तोच नमुना होय. त्याच वर्षी हिंदुस्थानात प्रवेशाच्या पासपोर्टाचा कायदा झाला. तो 105 वर्षे टिकला; 2025 साली परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा झाला तेव्हा तो रद्द झाला. आज तारकर्लीला, देवबागला परदेशी पाहुणा आपण घरात उतरवतो तेव्हा त्याचा पासपोर्ट व व्हिसा पाहून सरकारला कळवावे लागते. त्या नियमांचा वंशवृक्ष असा युद्धकाळापर्यंत जाऊन पोहोचतो.

त्या काळी आपल्या मुलखात मोठी गंमत होती. मसुऱ्याचा माणूस ब्रिटिश हद्दीतला, म्हणजे ब्रिटिश प्रजाजन. येथून काही कोसांवरचे कुडाळ सावंतवाडी संस्थानात, म्हणून तेथला माणूस संस्थानी प्रजाजन. तेरेखोलची खाडी उतरून पेडण्यात जावे, तर तेथला माणूस पोर्तुगीज प्रजाजन. पेडणे महाल 1788 पर्यंत सावंतांकडेच होता, पुढे तो पोर्तुगिजांकडे गेला. तिघांची बोली एक, जेवण एक, गाऱ्हाणे घालण्याची रीत एक. तिघे एकाच बोटीवर खलाशी म्हणून चढले, तर कागदावर मात्र ते तीन निराळ्या राज्यांचे.

आणि हा नुसता गमतीचा भाग नव्हता. 1925 साली ब्रिटनमध्ये एक हुकूम निघाला. ज्या काळ्या-सावळ्या खलाशाला आपण ब्रिटिश प्रजाजन आहोत हे कागदाने सिद्ध करता येणार नाही, त्याने परका म्हणून पोलिसांत नाव नोंदवावे, असा तो हुकूम होता. जन्मभर ब्रिटिश बोटीची भट्टी पेटविणारा खलाशी पासपोर्ट कोठून आणणार? त्याच्यापाशी बोटीवरच्या नोकरीची नोंदवही होती, ती पुरावा म्हणून पुरेशी धरली जात नसे. इंजिनात कोळसा टाकताना तो साम्राज्याचा होता. बंदरात पाय ठेवताच तो परका झाला. खलाशाला स्वतःचे ओळखपत्र असावे आणि त्याच्या आधारे बंदरात उतरून चार घटका मोकळेपणी फिरता यावे, ही साधी गोष्ट आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या करारात यायला 1958 साल उजाडले. तो करार पुढे 2003 साली सुधारण्यात आला.

आता गोव्याकडे वळू. स्वराज्य आले तेव्हा इंग्रज गेला, पण तेरेखोलच्या पलीकडचा फिरंगी राहिला. सरहद्द असली तरी तोवर जाणे-येणे चालू असे. इकडच्या कित्येक कुळांची दैवते कवळे, मंगेशी, म्हार्दोळ येथे, आणि तिकडच्या मुली इकडे सासरी आलेल्या. 15 ऑगस्ट 1954 रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. 1955 च्या मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट यांच्यासह सत्याग्रही आत शिरले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रहींनी ठिकठिकाणी हद्द ओलांडली. पोर्तुगिजांनी गोळ्या घातल्या. वीसाहून अधिक माणसे ठार झाली. बांद्याच्या पुढे पत्रादेवीला पंजाबचा तरुण कर्नैलसिंग बेनिपाल पडला. या सत्याग्रहाचे मर्म आमच्या विषयाशी अगदी निगडित आहे. त्या लोकांजवळ शस्त्र नव्हते आणि परवानाही नव्हता. आमच्याच भूमीत जाण्यासाठी परक्याचा परवाना आम्ही मागणार नाही, हे त्यांचे म्हणणे, आणि ते त्यांनी पायांनी चालून मांडले.

त्यानंतर भारत सरकारने सरहद्द आवळली. रेल्वे थांबली, गोव्यातली भारतीय वकिलात बंद झाली, आणि जाण्यायेण्याला सरकारी परवाने आले. आर्थिक कोंडी करण्याचे ते धोरण होते व त्याला कारणही होते. पण त्याचा भार कोणी वाहिला हेही सांगितले पाहिजे. मुंबईत बोटींवर, हॉटेलांत, घरकामात राबणाऱ्या गोवेकराला घरच्या आजारपणाला जावयाचे तर अर्ज करावा लागे. लिस्बनच्या मंत्र्याला तो अर्ज कधी करावा लागला नाही.

याच सुमारास आपल्या मोडी कागदांचा एक अजब प्रवास झाला. दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर, दमणहून तेथे जाण्याचा आमचा हक्क भारताने अडविला म्हणून पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्यात 1779 चा पेशवे व पोर्तुगीज यांचा पुण्याचा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा पुढे आल्या. त्या गावांचा मराठ्यांनी पोर्तुगिजांना वसूल दिला होता की सत्ता दिली होती, यावर खल झाला. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो केवळ वसूल, सत्ता नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. पुढे इंग्रजी अमलात पडलेल्या वहिवाटीमुळे खासगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांना वाटेचा हक्क आहे, सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नाही. आणि खासगी माणसांचा हक्कही वाटेच्या धन्याच्या नियमनाखालीच, म्हणून 1954 साली भारताने वाट अडविली त्यात कायदाभंग नाही. हा निकाल आम्हाला फार बोधप्रद वाटतो. वाटेचा हक्क आहे, पण कुलपाची किल्ली धन्याकडे! आजच्या व्हिसाचे तत्त्व याहून फार निराळे नाही.

19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि पत्रादेवीचा नाका परवान्याच्या दृष्टीने नाहीसा झाला. तथापि कागदाचे आयुष्य राज्याहून मोठे असते. 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याप्रमाणे तेथील नागरिकत्व आजही मिळू शकते. ते घेऊन हजारो गोवेकर पोटापाण्यासाठी युरोपात गेले. त्यापायी भारताचा पासपोर्ट मात्र परत करावा लागतो. ज्यांच्या वाडवडिलांनी फिरंग्यांचा कागद झुगारला, त्यांची नातवंडे तोच मागण्यासाठी रांगेत उभी आहेत. त्यांना हसण्याचे कारण नाही. पोटाला लागणारी वाट माणूस धरतोच.

आता स्वतंत्र भारतातल्या पासपोर्टाविषयी. 1967 पर्यंत आपल्याकडे नागरिकाला पासपोर्ट देण्याविषयी कायदाच नव्हता. सरकारची मर्जी असेल तर पासपोर्ट, नसेल तर नाही. सतवंतसिंग साहनी या व्यापाऱ्याचा पासपोर्ट सरकारने परत मागितला, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 10 एप्रिल 1967 रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी न्यायालयाने सांगितले की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो हिरावता येत नाही. सरकारला धावपळ करून मे महिन्यात वटहुकूम आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा करावा लागला. मनेका गांधी यांच्या खटल्यात 25 जानेवारी 1978 रोजी न्यायालय आणखी पुढे गेले. नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली रीत न्याय्य व वाजवी असली पाहिजे, असे त्याने ठरविले. आज सहलीला जाणारे कुटुंब निर्धास्तपणे पासपोर्टासाठी अर्ज करते, त्याच्या पाठीशी हे निकाल उभे आहेत.

पण हा हक्क मजुरापर्यंत पुरता पोहोचला काय? 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे, ज्याची दहावी झालेली नाही त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः ‘ईसीआर’ अशी नोंद होते. आखाती देशांसारख्या ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संरक्षक या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. तोच माणूस त्याच पासपोर्टावर सहलीला निघाला, तर ती लागत नाही. फसव्या दलालांपासून अशिक्षित माणसाचे रक्षण व्हावे हा यातला हेतू चांगला आहे, आणि दलालांनी गळा कापलेली माणसे आम्ही इतकी पाहिली आहेत की त्या हेतूची आम्ही टवाळी करणार नाही. मात्र रक्षण करता करता शिक्का मारण्याकडे सरकारी मन कसे घसरते, ते 2018 च्या जानेवारीत दिसले. ईसीआर असलेल्यांना नारंगी रंगाचा निराळा पासपोर्ट देण्याचा बेत सरकारने जाहीर केला. दहावी न झालेला माणूस परक्या विमानतळावर दुरूनच ओळखू यावा, अशी ही योजना! केरळापासून विरोध उठला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बेत सोडून द्यावा लागला. मॉरिशसच्या 1867 च्या पासाची आठवण त्या वेळी किती जणांना झाली असेल, कोण जाणे.

याहून मोठे दुःख निराळेच आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका वाडीतल्या तरुणाची आई वारली. तो आखातात वेल्डर होता. कळविण्यासाठी आम्हीच फोन लावला. पलीकडून तो एवढेच म्हणाला, “पासपोर्ट सायबाच्या कपाटात आसा. माका येवक गावाचा नाय.” आईला अग्नी धाकट्या भावाने दिला. हा मुलगा तेराव्यालाही पोहोचला नाही. दोन महिन्यांनी आला तेव्हा तो आमच्याशी पासपोर्टाविषयी एक शब्द बोलला नाही. आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिला. आम्ही संघटनेची माणसे बोलण्यात पटाईत. पण त्या दिवशी आम्हालाही काही सुचले नाही.

म्हणून आज येथे जे सुचले ते सांगतो. पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमात लिहिले आहे की, पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो मालकाचा नाही, दलालाचा नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला आहे की, पोलीस व फौजदारी न्यायालयदेखील पासपोर्ट अडकवून ठेवू शकत नाहीत. तो अधिकार पासपोर्ट अधिकाऱ्याचा. जे आपल्या पोलिसाला करता येत नाही, ते कंपनीच्या मुकादमाने करावे काय? मजुराची ओळखपत्रे ठेवून घेणे हे वेठबिगारीचे एक लक्षण आहे, असे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना सांगते. आखाती देशांच्या कायद्यांतही पुष्कळ ठिकाणी हे मना केलेले आहे. कायदा आहे, पण तो कपाटाच्या बाहेर उभा आहे.

सहलीला जाणाऱ्यांना आमचे सांगणे थोडे आहे. पासपोर्टाची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक आहे की नाही ते पाहा, पुष्कळ देश तशी अट घालतात. परतीचे तिकीट व व्हिसा हाताशी ठेवा, आणि पासपोर्टाची एक प्रत घरी ठेवून जा. नोकरीला जाणाऱ्यांनीही हेच करावे. शिवाय करारनाम्याची प्रत आणि तिकडच्या भारतीय वकिलातीचा फोन घरच्या माणसांकडे लिहून ठेवावा. पासपोर्ट मालकाने मागितला तर निदान त्याची पावती मागावी. पावती मागणारा माणूस एकटा असला तर त्याला हाकलतात. दहा जणांनी मिळून मागितली तर मालकाला विचार करावा लागतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही.

आपल्या मसुऱ्याच्या आंगणेवाडीत भराडीदेवीची जत्रा भरते. तिची तिथी पंचांगात ठरलेली नसते, कौल घेऊन ठरवितात. तारीख कळली की मुंबईचा चाकरमानी निघतो, गोव्याचा भाविक निघतो, लाखो माणसे येतात. 1955 ते 1961 या वर्षांत पलीकडच्या भाविकाला या वाटेवर परवाना आडवा येत होता. आज येत नाही. तो परवाना आपोआप गेला नाही, त्यासाठी पत्रादेवीला माणसे पडली. आखातातल्या मुलालाही जत्रेला यावे, आईच्या उशाशी बसावे असे वाटते. त्याच्या वाटेवरचे कपाट अजून बंद आहे. ते उघडण्याचे काम त्याच्या एकट्याचे नाही, एवढे या सभेने ध्यानात ठेवावे अशी विनंती करून आम्ही आपले भाषण पुरे करतो.